‘म्हणजे नेमकं काय केलंस?’

पत्र:

मी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गाने बसवलेल्या नाटकात मी थोरल्या बहिणीचं काम केलं. धाकटा भाऊ भांडून घर सोडतो आणि सात वर्षांनी, वडील गेल्यावर परत येतो, असं ते नाटक. भाऊ दारात उभा राहतो तेव्हा मला एकच शब्द आहे, ‘आलास?’ तिथे प्रेक्षागृह एकदम शांत व्हायचं. प्रयोग छान झाले. आता प्रत्येकाने स्वतःच्या अभिनयावर दीड हजार शब्दांचं टिपण द्यायचं आहे आणि त्याला गुण आहेत. मी दिलेलं टिपण सरांनी परत केलं. पहिल्या परिच्छेदाखाली लाल शाईने लिहिलंय, ‘म्हणजे नेमकं काय केलंस?’ तो परिच्छेद असा: ‘ही भूमिका साकारताना मी ताईच्या व्यक्तिरेखेत पूर्णपणे शिरले होते. तिचे दुःख मी स्वतः अनुभवले. आवाजातील योग्य चढउतार आणि देहबोलीचा प्रभावी वापर करून मी प्रेक्षकांना खिळवून ठेवले.’ यात चुकलं काय? खरं सांगायचं तर रंगमंचावर मी काय करते ते मला नंतर आठवतच नाही. चांगलं लिहिलं तर बढाई वाटते आणि उणं लिहिलं तर गुण जातील अशी भीती वाटते. शिवाय एका अभिनय कार्यशाळेच्या अर्जात ‘आपल्या अभिनयकौशल्यांविषयी दीडशे शब्दांत लिहा’ असं म्हटलंय. तिथे काय लिहू?

उत्तर:

तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तू टिपणात घातलंच नाहीस. ‘आलास?’ म्हटल्यावर प्रेक्षागृह शांत व्हायचं, हे तू मला सांगितलंस. सरांना मात्र ‘पूर्णपणे शिरले’ आणि ‘प्रभावी वापर’ एवढंच. तो परिच्छेद पुन्हा घे आणि ताईच्या जागी दुसऱ्या कुठल्या नाटकातली राणी, वकीलबाई किंवा भिकारीण घालून वाच. बाकी एकही शब्द बदलावा लागत नाही. लाल शाई त्यासाठी आहे.

‘तिचे दुःख मी स्वतः अनुभवले.’ असेलही, पण ही आतली बातमी झाली. वाचणाऱ्याला ती ना पाहता येते ना पडताळता येते. ‘आवाजातील योग्य चढउतार.’ चढउतार प्रत्येकाच्याच बोलण्यात असतात. कुठल्या वाक्यावर चढला, कुठे उतरला आणि योग्य कशाच्या हिशेबाने? ‘देहबोलीचा प्रभावी वापर.’ प्रभाव पडला की नाही ते बघणाऱ्याने ठरवायचं. तू सांगायचंस ते एवढंच, की हात कुठे होते, नजर कुठे होती आणि ती तिथे का ठेवलीस. नाटकाच्या विद्यार्थ्यांची अशी टिपणं मी ढिगाने वाचली आहेत आणि त्यातली बहुतेक विशेषणांवरच उभी असतात. अभिनय ही करण्याची गोष्ट आहे, तर तिच्याबद्दलचं लिखाणही क्रियापदांवर चालायला हवं. माझं सगळं सांगणं या एका वाक्यात आलं. पुढचं आहे ते हे कसं जमवायचं त्याबद्दल.

आपण तो ‘आलास?’च घेऊ. तू तिथे काय केलंस ते मला माहीत नाही, म्हणून मी एक नमुना कल्पून लिहितो. तो उचलू नकोस, त्याची ठेवण बघ.

‘भाऊ दारात येतो तेव्हा ताई वडिलांच्या कपड्यांच्या घड्या करत बसलेली असते. सुरुवातीच्या तालमींत मी त्याला पाहताच उठून उभी राहत होते आणि “आलास?” हा शब्द वरच्या पट्टीत, प्रश्नाचा हेल देऊन म्हणत होते. त्यामुळे ताई त्याची वाटच बघत होती असं दिसायचं. संहितेत पुढे ती म्हणते की मी वाट बघणं कधीच सोडलं. हे वाक्य खोटं ठरू नये म्हणून मी बसून राहायचं ठरवलं. पावलं वाजली की हातातल्या सदऱ्याची घडी अर्ध्यात थांबवायची, मान वळवायची नाही, घडी पुरी करायची, ती गठ्ठ्यावर ठेवून तळहाताने दाबायची आणि मग “आलास?” हा शब्द खालच्या पट्टीत, शेवट न चढवता टाकायचा. पहिल्या प्रयोगात मी घडी फार सावकाश केली आणि मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. दुसऱ्या प्रयोगात घडी नेहमीच्या वेगाने केली आणि फक्त तळहात गठ्ठ्यावर जरा जास्त वेळ राहू दिला. भावाचं काम करणाऱ्या मित्राने पुढचं वाक्य लगेच न घेता आधी पिशवी खाली ठेवली. त्याला हे तालमीत सांगितलेलं नव्हतं.’

यात ‘प्रभावी’ नाही, ‘उत्कृष्ट’ नाही, ‘दुःख’ हा शब्दसुद्धा नाही, तरी ताई कशी आहे ते कळलं. आधी वेगळं करून पाहिलं होतं हे कळलं, ते का सोडलं हे कळलं, आणि सोडण्याचं कारण संहितेतल्या एका वाक्यात आहे हेही कळलं. परिणाम सांगितला तो प्रेक्षक भारावले असा सांगितलेला नाही. एक खोकला आणि एक पिशवी, एवढाच आहे. परीक्षकाला पुरावा लागतो आणि तो असाच बारीकसारीक असतो. मात्र याचाही साचा करू नकोस. ‘आधी असं केलं, मग तसं केलं, कारण अमुक, परिणाम तमुक’ असं प्रत्येक परिच्छेदात आलं की चौथ्या परिच्छेदाला वाचणारा पान उलटतो. एखाद्या जागी फक्त कृती सांग, एखाद्या जागी दोन वाक्यांत आटप आणि दोन-तीन जागांवर भरपूर रेंगाळ. दीड हजार शब्दांत अख्खं नाटक बसवायला जाशील तर सगळंच पातळ होईल. तीन क्षण पुरे आहेत. त्यातला एक तरी असा घे की जिथे तुला वाक्य नव्हतं आणि दुसरं कुणीतरी बोलत होतं. ऐकण्याचा अभिनय तू कसा केलास हे लिहिणारे विद्यार्थी फार थोडे, आणि वाचणाऱ्याचं लक्ष तिथे हमखास जातं.

अभिनयाविषयी असं लिहिता येतं याचा एक नामांकित दाखला आहे. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘मदर करेज’ या नाटकाचा बर्लिनमधला प्रयोग १९४९ साली झाला आणि त्यात मुख्य भूमिका हेलेने वायगेल यांनी केली. त्या प्रयोगाच्या तपशीलवार नोंदी आणि छायाचित्रं ब्रेख्त यांनी जपून ठेवली. नाटकाच्या शेवटी युद्धावर धंदा करणाऱ्या या बाईची मुलगी मारली जाते आणि तिला पुरण्यासाठी बाई शेतकऱ्यांना पैसे देते. वायगेल काय करायच्या? कातडी पिशवीतून काही नाणी काढायच्या, त्यातलं एक परत आत टाकायच्या आणि उरलेली द्यायच्या. नोंदीत आहे ते साधारण एवढंच. ‘आईचं दुःख आणि व्यापारी वृत्ती यांचा संघर्ष अत्यंत ताकदीने दाखवला’ असं कुणी लिहिलं असतं तर आज तो प्रयोग आपल्या डोळ्यांपुढे उभा राहिला नसता. एक नाणं परत पिशवीत गेलं हे वाचलं की बाई दिसते. तुझ्या ताईचं असं ‘नाणं’ कुठलं, ते आधी शोध.

आता आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात ढिसाळ लिखाण इथेच होतं. ‘आवाज वाढवला’ असं लिहितात तेव्हा पट्टी चढवली, मोठ्याने बोलले की वेग वाढवला, यातलं काय ते कळत नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रागात तिन्ही एकदम वर जातात हे खरं, पण नटाचं कसब त्यांना सुटं करण्यात असतं. खालच्या पट्टीत मोठ्याने बोललं की जरब येते. वरच्या पट्टीत हळू बोललं की माणूस घाबरलेला किंवा लाडात आलेला वाटतो. पट्टी आणि जोर दोन्ही तसेच ठेवून नुसता वेग कमी केला की समोरच्याला तंबी दिल्यासारखं होतं. तू यातलं काय केलंस ते लिही. त्याशिवाय आवाजाची फेक, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवणं, ही आणखी निराळी बाब. कुजबुजीच्या वाक्याची फेक कशी सांभाळलीस हे लिहिण्यासारखं असतं. वाक्याचा शेवटचा शब्द गिळायची खोड असेल आणि ती तालमीत मोडली असेल तर तेही.

विराम आणि आघात यांच्यासाठी तुझ्याच नाटकात शोभेल असं एक वाक्य घेतो: ‘बाबांनी तुझं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही.’ ‘बाबांनी’वर जोर दिला तर अर्थ निघतो, त्यांनी नाही घेतलं, मी घेत होते. ‘तुझं’वर दिला तर बाकी सगळ्यांची नावं घेतली, तुझं सोडून. ‘शेवटपर्यंत’वर दिला तर सात वर्षांचा हिशेब मांडला. आणि जोर कुठेच न देता ‘घेतलं’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये श्वासभर थांबलीस तर? मराठीत नकार शेवटी येतो. तेवढ्या एका श्वासापुरतं भावाला वाटतं की बाबांनी नाव घेतलं होतं, आणि मग ‘नाही’ येतं. हा क्रूरपणा ताईने जाणूनबुजून केला की तिचाच आवाज अडला, हा निर्णय तुझा. तो कसा घेतलास, दिग्दर्शकाचं म्हणणं काय होतं, अखेरीस कुठला आघात ठेवलास, यावर एक अख्खा परिच्छेद सहज होतो आणि तो दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. ‘योग्य ठिकाणी पॉज घेतले’ हे मात्र कुणालाही लिहिता येतं. पॉज म्हटलास की शब्दाच्या आधी की नंतर ते लिही. आधीचा पॉज शब्द शोधतो, नंतरचा तो मुरू देतो.

शरीराबद्दल लिहिताना शब्द अपुरे पडतात अशी तक्रार खूप जण करतात. ‘जड पावलांनी चालले’ याच्यापुढे गाडी जात नाही. इथे हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांची मांडणी कामाला येते. हालचालीकडे त्यांनी वजन, अवकाश आणि काळ या अंगांनी पाहिलं. हालचाल जोरकस की हलकी, थेट की वळणावळणाची, झटक्यात की सावकाश, अशा तीन जोड्यांतून आठ मूळ क्रिया निघतात: दाबणं, ठोसणं, पिळणं, फटकारणं, सरकणं, तरंगणं, टिचकी मारणं आणि हलकेच टेकवणं. (हालचालीचा ओघ, म्हणजे ती मोकळी की आवरलेली, हे त्यांनी चौथं अंग धरलं, पण आठची यादी पहिल्या तिन्हींची.) सदऱ्याच्या घडीवर तळहात दाबणं आणि तोच तळहात टेकवणं यांत दोन वेगळ्या ताया आहेत. वर्गात ही यादी शिकवली असेल तर तिचा उपयोग असा कर, म्हणजे तुझ्या हालचालीसाठी नेमकं क्रियापद शोधायला. ‘मी लाबान पद्धतीचा अवलंब केला’ या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही.

हाच नियम बाकीच्या मोठ्या नावांनाही. दर टिपणात रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांच्यावर एक परिच्छेद असतो, बहुधा एकमेकांच्या वहीतून आलेला. तो काढून टाक. त्याऐवजी ‘दिलेली परिस्थिती’ म्हणजे वेळ, जागा, आधी काय घडलं हे ठरवताना तू ताईबद्दल संहितेत नसलेलं काय ठरवलंस आणि त्याने एखादी हालचाल कशी बदलली ते सांग. संकल्पना तुझ्या कामातून दिसली की तिचं नाव एकदा घेतलं तरी चालतं. आपल्याकडचं आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, म्हणजे अंगाचा, वाणीचा, वेशभूषेचा आणि आतल्या भावाचा अभिनय, हे चौकट म्हणून उत्तम आहे, पण टिपणाचे चार मथळे म्हणून वाईट. ‘आलास?’च्या त्या एका क्षणात घडी, शब्द, वडिलांचा सदरा आणि घशात आलेला आवंढा असे चारही एकदम असतात. त्यांना चार कप्प्यांत टाकलंस तर क्षणच नाहीसा होतो. वेशभूषा आणि प्रॉपर्टीबद्दल फार लिहू नकोस. त्यांनी तुझ्या हालचालीत काय फरक पडला तेवढंच पुरे.

भावनेबद्दल काय लिहायचं हा अवघड भाग आहे. नटाला खरोखर वाटायला हवं की नको, हा वाद जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी अठराव्या शतकातच मांडलं होतं की थोर नट आतून शांत असतो, रडतो तो प्रेक्षक. त्यांचा तो संवाद छापला गेला मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८३० साली. हा वाद तुझ्या टिपणात मिटणार नाही, तेव्हा त्यात पडू नकोस. तुला खरंच रडू आलं असेल तर लिही, पण त्यानंतर काय झालं तेही लिही. शब्द कळले का? पुढचा क्यू, म्हणजे पुढच्या वाक्याची खूण, सांभाळता आला का? डोळ्यांत पाणी असताना मान खाली गेली आणि प्रेक्षकांना नुसते केस दिसले, असं तर झालं नाही ना? आणखी एक. तालमीत सरांनी किंवा कुणी स्वतःच्या आयुष्यातली आठवण वापरायला सांगितली असेल, आणि ती आठवण तुझी खासगी असेल, तर ती टिपणात उघड करायला तू बांधील नाहीस. ‘इथे मी एक व्यक्तिगत आठवण वापरली. तिच्यामुळे श्वास वर चढायचा आणि वाक्य तुटायचं, म्हणून तिसऱ्या तालमीनंतर ती सोडली’ एवढं लिहिलंस तरी अभिनयाबद्दलचं सगळं आलं. घरातलं दुःख मांडून गुण मिळवायची वेळ कुणावर येऊ नये, आणि जाणता परीक्षक त्यासाठी गुण देतही नाही.

‘काय केलं ते आठवत नाही’ असं तू म्हणतेस. हे सगळ्यांचंच होतं. यावर उपाय एकच, लगेच टिपून ठेवणं. स्तानिस्लावस्की यांनी १८७७ साली, चौदाव्या वर्षी, हौशी नाटकं करत असताना स्वतःच्या कामाबद्दल वहीत लिहायला सुरुवात केली होती आणि ती सवय त्यांनी पुढे सोडली नाही. या वह्यांचं मोल त्यांना १९०६ मध्ये कळलं. डॉ. स्टॉकमन ही त्यांची गाजलेली भूमिका, नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्या नाटकातली, १९०० सालापासून ते करत होते. काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की हातवारे, चाल, सगळं जसंच्या तसं होतंय, आत मात्र काही उरलेलं नाही. त्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये सुटीवर असताना ते जुन्या नोंदी काढून बसले आणि आपण हे कुठून आणलं होतं याचा मागोवा घेऊ लागले. पुढच्या सगळ्या विचाराची सुरुवात तिथली. या भूमिकेतली एक लकब मला फार आवडते. बोलताना स्टॉकमन दोन बोटं पुढे रोखायचे. ती आपोआप सुचली असं त्यांना वाटत होतं. नंतर बर्लिनमध्ये एक ओळखीचे विद्वान गृहस्थ भेटले आणि ती बोटं त्या गृहस्थांची होती हे स्तानिस्लावस्की यांना उमगलं. तूही ताईचं काही तरी कुणाकडून तरी उचललं असणार. तुझ्या ताईची एखादी लकब कुणाची? आठवली तर लिही. निरीक्षण हे कौशल्यच आहे आणि त्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

तुझे प्रयोग होऊन गेलेत, तेव्हा वही नसली तरी आता जमवाजमव करता येईल. तुझी संहिता काढ. समासात पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी असेलच, ‘इथे उठू नको’, ‘हळू’, एखादा बाण, खोडलेली हालचाल. खोडलेलंच जास्त कामाचं, कारण निर्णय तिथे बदलला. मग भावाचं काम करणाऱ्या मित्राला गाठ आणि ‘माझं काम कसं झालं’ असं विचारू नकोस, तो ‘भारी’ म्हणेल आणि विषय संपेल. विचार, ‘आलास म्हटल्यावर तुला काय करावंसं वाटलं?’ विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला विचार की कुठलं वाक्य रोज वेगळं यायचं. त्याला नक्की माहीत असतं. चित्रीकरण असेल तर एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐक. पहिल्या खेपेला तुझे हात दिसतील, बरेचदा नको तिथे. दुसऱ्या खेपेला कळेल की प्रत्येक वाक्य एकाच सुरात संपतंय का. दोन्ही एकदम बघितलं की आपण स्वतःवर तरी खूश होतो नाही तर लाजतो, आणि दोन्हींत टिपण्यासारखं काही हाती लागत नाही.

बढाई आणि भीती यांचं उत्तर वरच्या नमुन्यात आलंच आहे. ‘मी खालच्या पट्टीत बोलले आणि प्रेक्षागृह शांत झालं’ यात बढाई कुठे आहे? घडलं ते सांगितलं. ‘माझ्या दमदार आवाजाने प्रेक्षागृह स्तब्ध केलं’ ही बढाई. उणं लिहिल्याने गुण जातात ही समजूत तर सोडच. गुण जातात ते उणं मोघम लिहिल्याने. ‘काही ठिकाणी अजून चांगलं करता आलं असतं’ हे वाक्य नम्रतेचं वाटतं, पण ते नुसतं सुटकेचं वाक्य आहे. कुठल्या ठिकाणी, काय केलं असतं? ‘दुसऱ्या अंकात भावाच्या लांब संवादात मी पाठमोरी उभी होते. चेहरा दिसणार नसल्याने खांद्यांतून राग दिसायला हवा होता, पण चित्रीकरणात खांदे नुसते आक्रसलेले दिसतात आणि ताई थकलेली वाटते. पुन्हा करायचं झालं तर मी हात मागे बांधेन म्हणजे बोटं तरी बोलतील.’ असं लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कोण कापेल? मात्र दोष सांगताना तो सहकलाकारावर ढकलू नकोस. ‘त्याने क्यू उशिरा दिला म्हणून माझा पंच गेला’ हे कितीही खरं असलं तरी टिपण तुझ्या अभिनयावर आहे. क्यू उशिरा आला तेव्हा तू काय केलंस ते लिही. त्या रिकाम्या जागेत ताई म्हणून टिकून राहिलीस की ओठ हलवून त्याला वाक्य सुचवत होतीस, हा खरा प्रश्न.

भाषेबद्दल दोनच गोष्टी. ‘मी’ बिनधास्त लिही. ‘सदर भूमिका साकारताना असे जाणवले’ असल्या वाक्यांत कोणी काही केलंय असं वाटतच नाही. आणि तालमीत जे शब्द बोलता तेच कागदावर आण. एन्ट्री, पॉज, विंग, ब्लॉकिंग (रंगमंचावरच्या जागा आणि हालचालींची आखणी) हे शब्द सरांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी संस्कृत पर्याय खणून काढायची गरज नाही.

राहिला कार्यशाळेचा अर्ज. तिथे हिशेब निराळा, कारण वाचणाऱ्याने तुझं नाटक पाहिलेलं नाही आणि त्याच्यापुढे अशा अर्जांचा गठ्ठा असतो. ‘अष्टपैलू’, ‘मेहनती’, ‘अभिनयाची लहानपणापासून आवड’ हे सगळं वगळ. कुठल्या भूमिका केल्यास ते अर्जात दुसरीकडे विचारलेलं असतंच, इथे पुन्हा यादी नको. एक गोष्ट जी तुला येते ती एका उदाहरणासह सांग, म्हणजे उदाहरणार्थ कमी शब्दांची, ऐकणारी पात्रं तुला जमतात आणि ताईच्या त्या एका शब्दावर तू कसं काम केलंस. त्यात सत्तर-ऐंशी शब्द जातील. मग अंगात असलेली कौशल्यं सरळ नोंदव: गाणं किती शिकलीस, नृत्य येतं का, कुठल्या बोली बोलता येतात. जे येत नाही ते येतं म्हणून लिहू नकोस, पहिल्याच दिवशी करून दाखवायला सांगतात. शेवटी दोन वाक्यांत काय येत नाही आणि म्हणून या कार्यशाळेत यायचंय ते सांग, तेही नेमकं. ‘माझी लांब वाक्यं मधेच श्वास संपून तुटतात’ हे वाचून निवड करणारा थांबेल. ‘स्वतःला अधिक विकसित करायचं आहे’ हे त्याने त्या दिवसात बऱ्याचदा वाचलेलं असेल.

जमलं तर टिपणाचा नवा परिच्छेद लिहून झाल्यावर भावाचं काम करणाऱ्या मित्राला वाचायला दे, आणि त्याला त्यावरून तू केलेलं तसंच्या तसं करून दाखवायला सांग. जिथे तो अडेल आणि ‘इथे हात कुठे?’ असं विचारेल, तिथे एक वाक्य घाल आणि मगच सरांकडे जा.